एकच हात वर

३ फेब्रुवारी

बारक्या,

नमस्कार-बिमस्कार राहू दे. फोन उचलत नाहीस म्हणून लिहावं लागतंय. पाकिटावरचं माझं अक्षर बघून फेकून देऊ नकोस. उभ्याउभ्या वाच, पण वाच.

बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, हात, पाय, अर्धं तोंड. जिवंत आहेत. दवाखान्यात आहेत. डॉक्टर म्हणतो बघू. ‘बघू’ म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक, विचारलं की चष्मा पुसतो.

झटका घरात आला असता तर मला एवढं लिहायला नको होतं. आला पाण्यावर. एकटे होते. मी गेल्या वर्षापासून घसा फोडून सांगतेय की बाबा, एकट्याने बोट काढू नका, मेस्त्रीला घ्या, नाहीतर मला हाक मारा. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. रविवारी सकाळी आमची त्यावरून वाजली. मी म्हटलं, वय झालंय, मान्य करा. ते म्हणाले, तू माझी आई होऊ नकोस. आणि मी वर्कशॉपमध्ये तेलाचे डबे हलवत असताना गेले निघून.

थोड्या वेळाने मला आणि मेस्त्रीला लाँच घेऊन एका अडकलेल्या टोपीवाल्याला आणायला जावं लागलं. नवी कोरी बोट, नवी कोरी टोपी, आणि टाकीत तेलाचा थेंब नाही. खाडीच्या मध्यावर बसून फोन करत होता. त्याला दोर लावला आणि ओढत परत निघालो. वाटेत लांबवर बाबांची बोट दिसली. इंजिन बंद, बाबा मागच्या फळीवर बसलेले. त्यांनी हात वर केला.

एक हात.

तुला काय वेगळं सांगू. एक हात म्हणजे ‘बरं आहे, जा पुढे’. डोक्यावर दोन्ही हात म्हणजे ‘या’. बाबांनीच हा नियम अख्ख्या धक्क्याच्या डोक्यात हातोडीने ठोकून बसवला. लोक उगाच हात हलवतात, आपण उगाच तेल जाळत धावतो, म्हणून. मला वाटलं मुद्दाम करतायत. बघ, म्हातारा मजेत आहे, असं दाखवतायत मला. मीही हात वर केला. रागानेच केला. आणि टोपीवाल्याला घेऊन पुढे गेले.

माझ्याआधी मासेवाल्यांच्या दोन बोटी त्यांच्या जवळून गेल्या होत्या. त्यांनीही हात केला. नंतर विचारलं तर म्हणाले, आम्हाला वाटलं आज बाबांचा मूड चांगला आहे, एरवी कुठे आपणहून हात करतात.

दुसरा हात वर होत नव्हता रे त्यांचा.

टोपीवाल्याला धक्क्यावर उतरवला, चहा पाजला. चहा पाजला मी त्याला! तो टोपी झटकत बसला होता आणि म्हणाला, ते आजोबा डावखुरे आहेत का? माझ्या हातातली किटली तशीच राहिली. बाबा आणि डावा हात? बाबा डाव्या हाताने कधी डासही मारत नाहीत. मेस्त्रीने माझ्याकडे बघितलं. आम्ही लाँचमध्ये उड्या टाकल्या.

तोवर ओहोटी लागली होती. बाबांची बोट पार खाडीच्या मुखाकडे गेली होती, काळ्या खडकांच्या बाजूला. तिथे लाटा कशा उलट्या येतात तुला माहीत आहे. मी लाँच जितकी नेता येईल तितकी जवळ नेली आणि दोर फेकला. बाबांच्या मांडीवर पडला. त्यांनी डाव्या हाताने उचलला, कडीतून ओवायला गेले, निसटला. परत फेकला. या वेळी त्यांनी दातात धरला. दातात दोर धरून एका हाताने गाठ मारायला बघत होते आणि तोंडाच्या एका कोपऱ्यातून लाळ गळत होती. मी ओरडले, बाबा सोडा, सोडा तो! ऐकतील तर बाबा कसले.

शेवटी मेस्त्रीने उडी मारली त्यांच्या बोटीत. त्या वयात, त्या गुडघ्यांनी. आधी त्याने इंजिनची दोरी ओढली. पहिल्या झटक्याला चालू! काहीही बिघडलं नव्हतं. बाबांच्या डाव्या तळव्याची सालं निघालेली नंतर दिसली. ओढत बसले होते, पण तोल सावरायला दुसरा हातच नाही. मेस्त्रीने इंजिन परत बंद केलं, कारण बाबा फळीवरून घसरायला लागले होते. माणूस धरायचा की सुकाणू? त्याने दोर बांधला, बाबांना मागून मिठी मारून तळाशी बसला आणि मला म्हणाला, ओढ.

मी ओढलं. सबंध वेळ मान मागे. एवढा अंगापिंडाने दणकट माणूस, असा मेस्त्रीच्या मांडीवर बाळासारखा. आणि ऐक, गंमत म्हणावी की काय म्हणावं. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, दोरावर होती. डावा हात सारखा खालीवर करत होते. मला कळेना. मग कळलं. दोर आखूड होता. मी लाटेच्या माथ्यावर चढत होते तेव्हा त्यांची बोट खड्ड्यात जात होती आणि दर वेळी हिसका बसत होता. दोन्ही बोटी एकाच वेळी चढायला हव्यात. मी दोर लांब सोडला. हिसके थांबले. तेव्हा त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, “सैल.” तेवढंच.

धक्क्यावर सगळे जमले होते. स्ट्रेचरचं एक टोक टोपीवाल्याने धरलं. टोपी पाण्यात पडली त्याची, त्याने वळून पाहिलं नाही.

तू जाताना धक्क्यावर उभा राहून म्हणाला होतास, आता येईन तो हा मेल्यावरच. सगळ्यांनी ऐकलं, बाबांनीही. बारक्या, मी पदर पसरत नाही, मला येत नाही ते. पण आधी ये. ते असताना ये.

ताई


११ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. ‘काळजी घे. गोदामात माल आलाय, सुट्टी नाही. औषधं लागली तर कळव.’ आणि शेवटी, बारीक अक्षरात: ‘तो माझ्याबद्दल काही बोलला का?’

‘तो’! बापाला तो म्हणतोस. बरं, म्हण.

नाही बोलले. खोटं कशाला सांगू. बोलताच येत नाही त्यांना. सगळ्या शब्दांमधून एकच हाती लागलाय. तहान लागली की “सैल”. पांघरूण नको, “सैल”. डॉक्टर आला तरी “सैल”, तो बिचारा शर्टाची बटणं बघतो. मेस्त्रीने काल विचारलं, बाबा, मी कोण? तर डोळे मिटून, “सैल”. मेस्त्री म्हणाला, आयुष्यभर कामचुकार म्हणायचे, हे त्यातल्या त्यात बरं. आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आला.

परवा घरी आणलं. वर्कशॉपच्या वरच्या खोलीत ठेवलंय, तुझ्या. खिडकीतून पाणी दिसतं म्हणून. जिन्यावरून वर नेताना चौघे लागले. खाट खिडकीला लावली. दिवसभर बाहेर बघतात. बोटी जाताना लोक वर बघून हात करतात. बाबा नाही करत. मीच खिडकीतून करते.

मी भरवते. एका बाजूने घास आत जातो, दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. अंग पुसते. पहिल्या दिवशी लाजले, तोंड भिंतीकडे फिरवलं. मीही लाजले. आता दोघांनी सोडून दिलंय.

तुला एक ऐकायचं असेल तर ऐक. त्या वादळात तू दोर कापलास ते बरोबरच होतं. सुकाणूवर मीच होते, मला माहीत आहे. मागे ओढत आणत होतो ती बोट पाण्याने भरली होती, आपल्याला घेऊन बुडाली असती. त्यातले दोघे पोहत होते, आपण वळून त्यांना उचललं, दोघेही घरी गेले. कोणाचा केस वाकडा झाला नाही. पण बाबांचं एकच. ज्याला दोर दिला त्याचा दोर कापायचा नाही. अंगातलं लाँचवरचं जाकीट काढून घेतलं तुझ्या, सगळ्यांदेखत. मी त्यांना हे शंभरदा ऐकवलं. जेवताना ऐकवलं, ताट सोडून उठले. पालथ्या घड्यावर पाणी. मेस्त्रीही तुझ्याच बाजूचा, फक्त त्याचं तोंड बाबांसमोर उघडत नाही.

तू चूक नव्हतास. पण बरोबर असलेल्या माणसाने यायचं नाही असा कुठे नियम आहे?

डॉक्टर म्हणाला, दुसरा झटका कधीही येऊ शकतो. या वेळी चष्मा पुसला नाही. म्हणून म्हणते, माल राहू दे गोदामात. माल कुठे जात नाही.

ताई


२६ फेब्रुवारी

बारक्या,

रक्तदाब मोजायचं मशीन मिळालं. तीन थरांचा पुठ्ठा, वर भुसा, आत मशीन. गोदामातला माणूस शोभतोस. पट्टा लावून बघितलं. एकशे चाळीसवर नव्वद. मेस्त्री म्हणाला, थोडं जास्त आहे, मीठ कमी कर.

इकडे सगळं शांत आहे. बाबा काही त्रास देत नाहीत. खोली मी रोज झाडते. खिडकी उघडीच असते.

तू पत्रात परत तेच विचारलंस. काही बोलला का. म्हणून सांगते. परवा सकाळी मी चादर ओढत होते आणि ते स्पष्ट म्हणाले, “बारक्या.” मी म्हटलं काय? तर परत म्हणाले. दाराकडे बघत होते. मी म्हटलं तो लांब आहे बाबा, बोलावू का? मान हलवली. हो अशी.

आता तुझं तू बघ.

लाँच धुऊन रंगवायला काढली आहे. सध्या कोणी अडकलं तर पलीकडच्या धक्क्यावरचे लोक जातात. मला जावंसं वाटत नाही. मेस्त्री दोन-तीनदा बोलला, किती दिवस अशी बसणार? म्हटलं, रंग वाळेपर्यंत.

ताई


९ मार्च

बारक्या,

एवढं सगळं लिहूनही तू विचारतोस, ‘नक्की माझंच नाव घेतलं का, की तुला तसं वाटलं?’ कपाळ माझं! मी काय कोर्टात उभी आहे? घेतलं म्हणजे घेतलं. रोज घेतात. सकाळ-संध्याकाळ. पुरे?

तू लिहितोस की तिथे रात्री झोप लागत नाही, आणि बायको म्हणते जाऊन या एकदा. शहाणी आहे ती. तिचं ऐक. माझं कधी ऐकलं नाहीस.

मशीनचे आकडे विचारलेस. काल एकशे पन्नासवर पंचाण्णव. आज तेवढेच. मीठ बंद केलंय.

मेस्त्री माझ्याशी धड बोलत नाहीये. म्हणतो, तू हे बरं करत नाहीस. काय ते विचारू नकोस, कामातलं आहे.

लवकर ये, किंवा येऊ नकोस. पण एक काय ते ठरव. माझ्याने असं लिहीत राहवत नाही.

ताई


२१ मार्च

बारक्या,

तुझं पत्र सकाळी आलं. उद्या दुपारच्या गाडीने येतोयस. शेवटची ओळ मी जिन्यात बसून वाचली. ‘बाबांना सांग, मी येतोय.’

तो नाही, बाबा.

कोणाला सांगू रे? बाबा गेले. अकरा फेब्रुवारीचं पत्र मी पेटीत टाकलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. मी पेज घेऊन वर गेले तर खिडकीकडे तोंड होतं, म्हटलं बघत असतील. वाटी ठेवली, उशी नीट केली, बोलत बसले त्यांच्याशी. टोपीवाल्याने चौकशीचा फोन केला होता, ते सांगत होते. बरंच सांगून झाल्यावर कळलं. मेस्त्री आणि मासेवाले, सगळे आले. त्यांना पोचवून आले आणि तुला कळवायला कागद घेतला.

आणि नाही लिहिलं.

का, ते सांगते, पण नीट ऐक. मी कळवलं असतं तर तू आला असतास. पहिली गाडी पकडून आला असतास, माहीत आहे मला. आणि तुझा शब्द खरा झाला असता. ‘येईन तो हा मेल्यावरच.’ धक्क्यावरच्या प्रत्येकाने तुला बघून मनात तेच म्हटलं असतं. तूही म्हटलं असतंस. जन्मभर. मला ते नको होतं. मला तू जिवंत माणसासाठी निघायला हवा होतास. एकदा फक्त, घरून, आपण होऊन. मग तो माणूस इथे असो की नसो.

म्हणून मी मेस्त्रीचं तोंड बंद केलं, आणि इतर कोणाकडे तुझा पत्ता नाही. सव्वीस फेब्रुवारीपासून पुढचं सगळं खोटं. मशीनचे आकडे माझे आहेत. माझ्याच दंडाला पट्टा लावला होता, म्हणून मेस्त्री मीठ कमी कर म्हणाला. खोली झाडते ते खरं आहे. त्रास देत नाहीत तेही.

आणि ‘बारक्या’ म्हणाले, ते खोटं.

तू त्याच एका शब्दावर उठून निघालायस. तो शब्द मी बनवला, चादर, दार, मान हलवणं, सगळं मी बसून बनवलं. खरं हे की ते शेवटपर्यंत “सैल” म्हणत राहिले. त्यात काही शोधत बसू नकोस, मीही शोधून थकले. पेजेलाही सैलच म्हणायचे. तुला माफ केलं होतं की नाही, तुझी आठवण येत होती की नाही, मला माहीत नाही. कदाचित येत असेल, दुसऱ्या हातासारखी ती बाहेर येत नसेल. कदाचित नसेलही येत. माझ्याकडे दुसरं उत्तर असतं तर मी ते आधीच लिहिलं नसतं का?

मला वाटलं होतं तू निघालास की मी जिंकेन. आता वाटतंय, मी तुला शेवटचं तोंड बघू दिलं नाही. मेस्त्री पहिल्या दिवसापासून तेच म्हणत होता. म्हणाला, पोरी, त्यांच्या भांडणात तू न्यायाधीश कधीपासून झालीस? मी त्याच्यावर ओरडले. मग तो म्हणाला, तू त्यांना बघून हात केलास आणि पुढे गेलीस, त्याची भरपाई या पोराकडून करून घेतेयस. मी जिना चढून वर गेले आणि खोली झाडायला घेतली.

तू माझं तोंड बघितलं नाहीस तरी चालेल. शिव्या दे. परतीची गाडी संध्याकाळी आहे, पाहिजे तर तिने जा. पण तू निघाला होतास, बारक्या. ते असताना भेटायचं म्हणून निघालास. हे कोणी तुझ्यापासून काढून घेऊ शकत नाही, मीही नाही. एवढं एकच माझ्या हातून धड झालं असं मला वाटतंय, आणि तेही खोटं बोलून.

हे पत्र टपालात टाकून उपयोग नाही, तुझ्या हाती पडणार नाही. उद्या थांब्यावर घेऊन उभी राहीन. तू उतरताच ‘बाबा कसे आहेत’ म्हणशील. त्याआधी हे तुझ्या हातात ठेवीन. मला तोंडाने सांगता येणार नाही.

तिथेच बाकावर बसून वाच. तोवर तुझी बॅग मी धरते.

ताई